गाडी घेण्याआधी वही उघडा

हिंगणघाटहून एका भगिनीचे पत्र आले आहे. सासूबाईंना दर आठवड्याला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्यावे लागते, शिवाय महिन्यातून दोनदा नागपूर. बसची दगदग आता म्हाताऱ्या जिवाला सोसवत नाही. लिटरला २० किलोमीटर धावणारी गाडी बेतात बसते. पण यजमानांच्या मनात भरली आहे २५ धावणारी, दीड लाखाने महाग. "पेट्रोल वाचेल म्हणतात. त्यासाठी मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडू का?" असे त्या विचारतात.

ताई, थांबा! आधी हिशेबाची वही उघडा.

तुमचे जाणे-येणे महिन्याला साधारण ६०० किलोमीटर. पहिल्या गाडीला ३० लिटर लागेल, दुसरीला २४. वाचले किती? सहा लिटर! सोपे जावे म्हणून लिटरला १०० रुपये धरू. म्हणजे महिन्याला ६००, वर्षाला ७,२०० रुपये. दीड लाख भरून निघायला वीस वर्षांहून अधिक लागतील. तोवर गाडी तरी टिकेल का? ज्यांची धाव महिन्याला २,००० किलोमीटर आहे, त्यांचे हेच पैसे सव्वासहा वर्षांत वसूल होतात. त्यांनी जरूर विचार करावा.

आणखी एक गंमत पाहा. याच ६०० किलोमीटरांना लिटरमागे १० धावणारी गाडी ६० लिटर पिते, १५ धावणारी ४०. म्हणजे दहाचे पंधरा झाले की वीस लिटर वाचते, पंधराचे वीस झाले की दहा, आणि विसाचे पंचवीस झाले की सहाच. जुनी खादाड गाडी बदलण्यात खरा फायदा; आधीच काटकसरी असलेल्या गाडीवर जास्तीचे पैसे घालण्यात तेवढा नाही.

कंपनीच्या कागदावरचा आकडा चाचणीतला असतो, बरं का! आपल्या वैदर्भीय उन्हात एसी लावून तो मिळत नाही. म्हणून गाडी घेतल्यावर टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर टिपून ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भराल, तेव्हा धावलेल्या किलोमीटरांना भरलेल्या लिटरांनी भागा. हाच तुमचा खरा आकडा. चाकातली हवा वरचेवर तपासा, डिकीतले नको ते ओझे काढा, उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवा. या बचतीला पैसा पडत नाही.

ताई, हा हिशेब यजमानांपुढे ठेवा. वाद घालावा लागणार नाही. सासूबाईंना बेतातली गाडीही सुखाने नेईल, आणि लेकीची ठेव जागच्या जागी राहील.