मौन आणि अनुमोदना

प्रतिक्रमणात आपण पापाची आलोचना तीन रकान्यांत करतो: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केलेल्यास अनुमोदन दिलेले. मन, वचन आणि काया या तीन योगांनी त्यांचे नऊ प्रकार होतात. पहिल्या दोन रकान्यांत बहुतेक श्रावक-श्राविकांना हिंसेची मोठी नोंद करावी लागत नाही. कोणावर हात उगारावा किंवा उगारावयास लावावा, असे प्रसंग आपल्या घरांत सहसा येत नाहीत. तिसरा रकाना मात्र अवघड आहे. निःशस्त्र माणसांवर कोठे लाठी चालते, घरे जळतात आणि बाकीचे जग पाहत राहते, तेव्हा त्या पाहण्याची नोंद कोठे करावयाची? मौन ही अनुमोदना होते काय?

हा प्रश्न बौद्ध बांधवांच्या संदर्भात विचारावासा वाटतो, कारण श्रमण परंपरेच्या नात्याने ते आपले सर्वांत निकटचे आप्त आहेत.

ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, ऑगस्ट २००७ मध्ये लष्करी राजवटीने इंधनाचे भाव एकाएकी वाढविले. लोक रस्त्यावर आले. ५ सप्टेंबर रोजी पकोक्कू येथे सैनिकांनी भिक्खूंना मारहाण केली. भिक्खुसंघाने क्षमायाचनेची मागणी केली. ती झाली नाही. तेव्हा भिक्खूंनी भिक्षापात्र पालथे धरून मोर्चे काढले. लष्करी अधिकारी व त्यांचे कुटुंबीय यांच्याकडून यापुढे भिक्षा घेणार नाही, असा त्याचा अर्थ. आपल्या दारी गोचरीसाठी आलेल्या साधु-साध्वींनी आहार न घेता परत फिरावे, तेव्हा त्या घराच्या मनाची काय अवस्था होते, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. दान देऊन पुण्य जोडण्याचा मार्गच भिक्खूंनी सत्ताधाऱ्यांना बंद केला. याहून अहिंसक निषेध कोणता असेल? २६ सप्टेंबरपासून लाठी, अश्रुधूर आणि गोळीबार झाला. रात्री विहारांवर छापे पडले, हजारोंना अटक झाली.

जगाने काय केले? अमेरिका आणि युरोपीय संघाने निर्बंध कडक केले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ११ ऑक्टोबर रोजी खेद व्यक्त करणारे अध्यक्षीय निवेदन काढले. बंधनकारक ठराव मात्र झाला नाही. त्याच वर्षी जानेवारीत म्यानमारविषयीचा ठराव चीन आणि रशियाने नकाराधिकार वापरून पाडला होता. आणि आपण? मोर्चे भर रंगात असताना, २३ सप्टेंबर रोजी, आपल्या सरकारी तेल कंपनीने खोल समुद्रातील तीन क्षेत्रांत वायुशोधनाचे करार म्यानमारच्या राजधानीत केले. तेव्हाचे पेट्रोलियम मंत्री, मुंबईचे मुरली देवरा, त्या वेळी तेथेच होते.

सीमेवरील सुरक्षा, ऊर्जेची निकड, चीनशी स्पर्धा ही त्यामागील कारणे खोटी नव्हती. पण व्यापारी दृष्टीनेच हिशेब मांडू. ज्या वायुक्षेत्रांत भारतीय कंपन्यांची भागीदारी होती, त्यांचाही वायू पुढे चीननेच विकत घेतला आणि २०१३ पासून तो नळाने युनान प्रांतात जाऊ लागला. बोलून संबंध बिघडवू नयेत म्हणून आपण गप्प राहिलो. माल मात्र दुसऱ्याच्या गोदामात गेला.

परदेशाची गोष्ट अशी हातभर अंतरावर ठेवून तपासणे सोपे असते. आता महाराष्ट्राकडे वळू.

१९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तत्कालीन औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्यास ‘मिलिंद’ हे नाव मिळाले. भदंत नागसेनांना प्रश्न विचारणाऱ्या राजाचे ते नाव. मराठवाड्यातील उच्च शिक्षणाच्या पायाभरणीत या संस्थेचा वाटा मोठा आहे. १९५८ मध्ये तेथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्या विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव द्यावे, ही मागणी पुढे आली आणि २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव संमत केला.

ठरावापाठोपाठ मराठवाड्यात हिंसाचार उसळला. गावोगावी दलित, त्यांतही प्रामुख्याने बौद्ध, वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळली, माणसे मारली गेली, अनेक कुटुंबे गाव सोडून गेली. ठरावाची अंमलबजावणी थांबली. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला. विधिमंडळाने जे आधीच मान्य केले होते तेच मागण्यासाठी हे लोक पायी निघाले होते. त्यांना वाटेत अडविण्यात आले, अटका झाल्या. १४ जानेवारी १९९४ रोजी, मकरसंक्रांतीस, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव मिळाले. त्याच्या काही आठवडे आधी, नोव्हेंबर १९९३ मध्ये, गौतम वाघमारे या तरुणाने नांदेड येथे आत्मदहन केले होते. एका मंजूर ठरावास सोळा वर्षे लागली.

नामांतरास विरोध करणारे सारेच दंगलखोर नव्हते. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील ज्येष्ठ नेते गोविंदभाई श्रॉफ यांचाही विरोध होता. मराठवाड्याची अस्मिता हा त्यांचा मुद्दा होता. मतभेद असू शकतो. आपल्या अनेकान्तवादास तर तो मान्यच आहे. परंतु अनेकान्त हा मतांना लागू आहे. वस्तीला आग लावणे हे मत नव्हे. त्या दिवसांत नेमके हेच दोन विषय एकत्र कालविले गेले. ‘दोघांनीही समजुतीने घ्यावे’ असे सुशिक्षित माणसे म्हणू लागली की ज्याचे घर जळाले तो आणि ज्याने जाळले तो एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसतात. वचनाने होणारी अनुमोदना पुष्कळदा अशीच सौम्य भाषेत होते.

पुण्यातून काही आवाज उठले, हेही नमूद केले पाहिजे. एस. एम. जोशी नामांतराच्या बाजूने ठाम उभे राहिले आणि त्यापायी त्यांच्या गळ्यात चपलांचा हार घालण्यात आला. डॉ. बाबा आढाव यांनी या लढ्यात भाग घेतला. हमाल पंचायतीमुळे त्यांचे नाव आपल्या मार्केट यार्डातील प्रत्येक पेढीला ठाऊक आहे. हमाली-तोलाईच्या दरांवरून त्यांच्याशी वाद घातलेल्या व्यापाऱ्यांनीही, हा माणूस दुसऱ्याच्या अपमानासाठी उभा राहतो, एवढे मान्य केले असेल.

आता आपल्या अनुभवाकडे पाहू. श्री सम्मेदशिखरजीच्या पर्वतावर पर्यटनास वाव देणाऱ्या तरतुदींविरुद्ध डिसेंबर २०२२ मध्ये आपला समाज देशभर शांततेने रस्त्यावर आला. दुकाने बंद राहिली, मोर्चे निघाले. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने त्या तरतुदींना स्थगिती दिली. आपली मागणी न्याय्य होती, आपले आंदोलन अहिंसक होते, याचा अभिमान जरूर असावा. पण न्याय्य मागणी आणि अहिंसा ही दीक्षाभूमीवरून निघालेल्या पदयात्रींजवळही होती. आपल्याला काही आठवड्यांत उत्तर मिळाले, त्यांना सोळा वर्षे थांबावे लागले. फरक कशाचा होता? दुकानांच्या शटरला बाजारात वजन असते, शेतमजुराच्या पायपिटीला नसते. आपल्या तपश्चर्येइतकीच आपली पतही त्या यशात होती, हे हिशेबाच्या माणसांनी तरी विसरू नये. पत ही वापरण्यासाठी असते आणि ती केवळ स्वतःसाठीच वापरली पाहिजे असा कोठे नियम नाही.

ती वापरण्याचा प्रसंग आजही समोर आहे. बोधगया येथील महाबोधी मंदिराचा कारभार १९४९ च्या कायद्यानुसार चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्यांची समिती पाहते. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. हा कायदा रद्द करून कारभार बौद्धांकडे द्यावा, यासाठी १२ फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खूंनी उपोषण आरंभिले. त्याच महिन्याच्या अखेरीस पोलिसांनी रात्री त्यांना मंदिर परिसरातून हलविले. महाराष्ट्रातील अनेक बौद्ध बांधव त्या आंदोलनात गेले. कायद्याच्या बाजू न्यायालये व विधिमंडळे तपासतील. परंतु स्वतःच्या तीर्थाचा कारभार स्वतः पाहण्याची ओढ काय असते, हे जैनांना समजावून सांगावे लागू नये.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या अल्पमतीप्रमाणे असे आहे. भयाने आलेले मौन क्षम्य असते. ऑगस्ट १९७८ मध्ये एखाद्या खेड्यात एकटे दुकान असलेल्या माणसाने जमावापुढे काय करावे, हे पुण्यात बसून सांगणे योग्य नाही. ज्या मौनामुळे लाभ होतो, किंवा जे केवळ सोयीचे म्हणून पाळले जाते, ते मात्र तिसऱ्या रकान्यात लिहावे लागते.

वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी अनेक घराणी लातूर, नांदेड, परभणी, बीड, जालना या भागांतून पुण्यात आली. आपल्या घरातील सत्तरी-पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसांना विचारा: त्या ऑगस्टमध्ये गावात काय घडले, दुकान उघडे होते की बंद, कोणाला धान्य दिले, कोणाला आसरा दिला, कोणासाठी दार उघडता आले नाही. जे सांगतील ते, बरे-वाईट दोन्ही, लिहून या मासिकाकडे पाठवा. ते या सदरात छापावे, अशी विनंती मी संपादकांना करीन. सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत; हे काम येत्या पर्युषणापूर्वी व्हावे.