सडा म्हणजे पडीक जमीन नव्हे

जुलै 2024मध्ये गोव्यातील पेडण्याजवळ मालपे येथील बोगद्यात चिखल आणि पाणी शिरले आणि कोकण रेल्वेची वाहतूक ठप्प झाली. ऑगस्ट 2020मध्ये पेडण्याच्याच बोगद्यात भिंतीचा भाग कोसळला होता. मार्ग बांधला जात असतानाही इथली माती वारंवार ढासळत होती. जानेवारी 1998मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला, तोवर हा टप्पा अडूनच होता. दर वेळी चर्चा होते ती बोगद्याच्या अस्तराची आणि रद्द झालेल्या गाड्यांची. डोंगराच्या पोटात एवढे पाणी आले कुठून, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

त्याचे उत्तर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठारावर, आहे. सड्याचे वरचे कवच जांभ्याचे. घरासाठी आपण चिरे काढतो ते यातूनच. हा दगड वरून टणक दिसला तरी आतून छिद्रे आणि भेगा यांनी भरलेला असतो. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सड्यावर पडलेल्या पाण्याचा मोठा वाटा या भेगांतून खाली मुरतो. जांभ्याखाली मऊ, चिकट मातीचा थर आहे आणि त्याखाली अब्जावधी वर्षांचा मूळ खडक. मातीचा थर पाण्याला सहजी खाली जाऊ देत नाही. त्यामुळे पाणी थरांच्या सांध्यावरून आडवे सरकते आणि पायथ्याशी झर होऊन बाहेर येते. विहिरी, कुळागरे आणि हिवाळ्यातली वायंगण शेती याच पाण्यावर उभी असते. बोगद्यात शिरते ते पाणीही याच वाटेने आलेले. थरांचा अभ्यास अपुरा राहिला की हेच पाणी संकट होऊन समोर येते.

जांभा घडला तोही पाण्यामुळेच. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातील सिलिका, चुना, पोटॅश धुऊन नेले; लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरले. म्हणून सड्यावरची माती पातळ आणि कसहीन असते. तिच्यात नत्र इतके कमी की सीतेची आसवे ही पावसाळी वनस्पती सूक्ष्म जीव पकडून ते मिळवते. तरीही हा सडा खालच्या शेताला पोसतो. त्याच्या गवतावर चरलेल्या गुरांचे शेण मळ्यात जाते. उतारावरचा पालापाचोळा कुजून व्हाळातून शेतात उतरतो आणि उरलेला कस तेरेखोल व शापोरा नद्यांतून खाडीतल्या मासळीपर्यंत पोहोचतो.

सडा फोडला, सपाट केला, डांबर-काँक्रीटने झाकला की पाणी मुरणे थांबते. तेच पाणी पावसाळ्यात गढूळ लोंढा होऊन शेतात शिरते आणि उन्हाळ्यात झर कोरडी पडते. डिचोली तालुक्यातील शिरगावने खाणींपायी विहिरी आणि शेती यांचे काय होते ते सोसले आहे. मोपाच्या सड्यावरील विमानतळाची पर्यावरण मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019मध्ये स्थगित केली होती, ती परिसराची पुरेशी माहिती मांडली न गेल्यामुळे. जानेवारी 2020मध्ये अटी घालून स्थगिती उठली आणि जानेवारी 2023पासून विमाने उडू लागली. तो निर्णय आता मागे नेता येणार नाही. परंतु विमानतळाच्या आसऱ्याने सभोवतालच्या सड्यांवर हॉटेले, वसाहती आणि रस्ते यांचा दाब वाढतो आहे, आणि तिथे अजून वेळ हातात आहे.

हिमालयातील झऱ्यांची नोंद घेऊन त्यांचे पाणलोट राखावेत, असे नीती आयोगाच्या कार्यगटाने 2018मध्येच सुचवले होते. पेडण्यातही हे काम अवघड नाही. कोणती झर कुठल्या महिन्यापर्यंत वाहते, हे गावातल्या शेतकऱ्यांना ठाऊक असते. त्याला भूजलतज्ज्ञांच्या पाहणीची जोड देऊन प्रत्येक झरीचे पाणी सड्याच्या कोणत्या भागातून येते, याचा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवता येईल. जमीन वापराच्या आराखड्यात तो भाग जलस्रोत म्हणूनच नोंदवला गेला पाहिजे. गोवा सरकारने ही नोंद पेडण्यापासून सुरू करावी आणि ती पूर्ण होईपर्यंत सड्यावरील जमिनीच्या एकाही रूपांतराला मंजुरी देऊ नये.