दाखला मुलाचा, मालकी कुणाची?

"शाळेला माहिती दिली तर बिघडलं काय? आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?" हा प्रश्न पालक विचारतात, शिक्षक विचारतात, आणि चांगले शिकलेसवरलेले संस्थाचालकही विचारतात. मला आता या प्रश्नाचा राग येऊ लागला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निदान आमच्या पेण तालुक्यातल्या माणसाने तरी हे विचारू नये. २०१० साली पेण अर्बन बँक बुडाली. बोगस कर्जखाती दाखवून पैसा बाहेर गेला आणि हजारो ठेवीदार हात चोळत बसले. वडखळ नाक्यावर त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. कागदावर एक नाव, प्रत्यक्षात दुसराच माणूस, हा प्रकार आम्ही वर्तमानपत्रात नाही, घरात पाहिला. तेव्हा पासबुक उशाशी घेऊन झोपणारी माणसं आज मुलाच्या आधारकार्डाचा फोटो कुणाही मागेल त्याला मोबाईलवर पाठवून देतात. मागणाऱ्याने फक्त "शाळेतून बोलतोय" म्हणायचं!

शाळेतल्या कागदाची किंमत मला ठाऊक आहे, कारण उभी हयात त्याच कागदांत गेली. जनरल रजिस्टर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाडजूड बांधणीची वही. त्यात मुलाचं संपूर्ण नाव, आईचं नाव, धर्म, जात, पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, आधीची शाळा, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण. हे रजिस्टर कायम जतन करायचं असतं. त्यातलं नाव, जात किंवा जन्मतारीख मुख्याध्यापकालाही स्वतःच्या मर्जीने बदलता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कपाट लोखंडी, किल्ली मुख्याध्यापकाच्या खिशात. शाळा सोडल्याचा दाखला याच वहीतून निघतो आणि पुढे जातपडताळणीपासून पेन्शनपर्यंत माणसाच्या मागे चालतो. (अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला का येतो, याचं उत्तरही याच वहीत आहे. तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे!)

ही वही किती वर्षं जगते? २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरंही धूळ झटकून बाहेर आली. काही पानं मोडीतली. पणजोबाच्या नावापुढे कुणा मास्तरांनी बोरूने लिहिलेला एक शब्द आज पणतवाच्या नोकरीचा प्रश्न ठरवतो. शाळेत लिहिलेली ओळ अशी तीन-तीन पिढ्या जिवंत असते. आणि आपण विचारतो, लपवण्यासारखं आहे काय!

आता कुणी म्हणेल की म्हातारा जुन्या काळाचे गोडवे गाणार. मुळीच नाही. जुन्या काळातलं एक दृश्य मला अजून बोचतं. शिष्यवृत्तीची यादी घेऊन कारकून वर्गात यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "सवलतवाले उभे राहा!" सात-आठ पोरं मान खाली घालून उभी राहायची. उरलेला वर्ग वळून बघायचा. कोण कुठल्या जातीचा, कुणाच्या बापाचं उत्पन्न किती, सगळ्यांना एका फटक्यात कळायचं. मी माझ्या वर्गापुरती ती यादी दारातच काढून घ्यायचो आणि मधल्या सुट्टीत एकेकाला बोलवायचो. कारकुनाची कुरकुर असायची, "सर, वेळ जातो." जाऊ दे ना! तर शाळेला माहितीची लाज राखता येत नाही हे दुखणं जुनंच आहे. फरक एवढाच की तेव्हा ती पन्नास मुलांच्या वर्गात फुटायची, आता ती कुठवर जाते ते फोडणाऱ्यालाही कळत नाही.

माहिती गोळा करूच नये असं माझं म्हणणं नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. ३ ते ५ ऑक्टोबर असे तीन दिवस मुलं मोजली गेली, आणि कागदावर असलेली पण वर्गात नसलेली पोरं मोठ्या संख्येने उघडी पडली. त्यांच्या नावावर अनुदान, पोषण आहार, शिक्षकांची पदं, सगळं चालू होतं. म्हणजे मोजणी हवी हे खरंच. २०१५ ला 'सरल' प्रणाली आली, प्रत्येक मुलाची नोंद संगणकावर गेली. (नाव सरल, पण रात्री दोन वाजता सर्व्हर चालतो म्हणून उठून बसलेल्या शिक्षकांना विचारा!) पुढे आधार जोडणी आली. आणि मग आली खरी मेख. शाळेत किती शिक्षक ठेवायचे हे ठरवणारी संचमान्यता, आधार वैध ठरलेल्या मुलांच्या संख्येशी बांधली गेली.

याचा अर्थ नीट समजून घ्या. मूल वर्गात बसलंय, पाढे म्हणतंय, खिचडी खातंय. पण आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव यांत एका वेलांटीचा फरक आहे, तर ते मोजणीत नाही. आमच्या भागातल्या कातकरी वाड्यांवरची मुलं आईबापांबरोबर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. कित्येकांचा जन्म घरी, जन्मदाखला नाही, नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. अशा मुलाचं आधार जुळलं नाही की शिक्षकाची खुर्ची डळमळते. मग तो शिक्षक आईकडे जातो आणि म्हणतो, "ताई, इथे अंगठा करा." ती करते. गुरुजींना नाही कोण म्हणणार?

याला संमती म्हणायचं? मागणाऱ्याची नोकरी ज्या उत्तरावर अवलंबून आहे, तो 'नाही' म्हणायची सोय आहे हे तोंडातून काढेल का? सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात स्वच्छ सांगितलं आहे की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही, आणि आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला लाभ नाकारता येणार नाही. पण मी ज्या पालकांना हे सांगतो ते माझ्याकडे संशयाने बघतात, जणू मीच त्यांच्या पोराचं नाव कमी करणार आहे.

'अपार' क्रमांकाचंही तेच. प्रत्येक विद्यार्थ्याला बारा अंकी कायमचा क्रमांक, त्याला आयुष्यभराचा शैक्षणिक हिशेब जोडलेला. कल्पना वाईट नाही. हरवलेल्या गुणपत्रिकेसाठी मुंबईच्या खेपा घालणारी मुलं मी पाहिली आहेत. कागदोपत्री ती योजना ऐच्छिक आहे, पालकांची लेखी संमती लागते, दिलेली संमती मागे घेता येते. प्रत्यक्षात काय होतं? शाळेवर शंभर टक्क्यांचा तगादा, आणि शाळेकडून पालकांना निरोप, "उद्यापर्यंत फॉर्म भरून आणा." मागे घेता येते हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवणारा शिक्षक मला अजून भेटायचा आहे.

बरं, घेतलेली माहिती जाते कुठे? आमच्या भागातल्या एका शाळेची गोष्ट सांगतो. शाळा कुठली ते सांगत नाही, सांगितलं तर मी टीका करतोय तेच मी केलं असं होईल. एक बाई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून, दुसऱ्या तालुक्यातून मुलीला घेऊन इकडे आली. मिळेल ते काम धरलं, मुलीला शाळेत घातलं. वर्षभर सुखाचं गेलं. एके दिवशी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळेने यादी टाकली. मुलांची नावं, आईची नावं, जात, आधार क्रमांक, पत्ता, मोबाईल नंबर. खाली ओळ, "चूक असल्यास कळवावे." ग्रुपवर कुणाचा तरी मामा, कुणाची तरी मावशी. यादी फिरली. आठ दिवसांत नवरा शाळेच्या फाटकाशी उभा!

मुलगी त्या दिवसापासून शाळेत आली नाही. मायलेकी आता कुठे आहेत ते मला माहीत आहे, पण इथे लिहिणार नाही.

मी विचारायला गेलो तर उत्तर काय मिळालं? "सर, दुरुस्तीसाठीच टाकली होती. आमचा हेतू चांगला होता." असेल. २०१६ च्या आधार कायद्याचं कलम २९ म्हणतं की कुणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायचा नाही. आता ज्या ग्रुपवर दीडशे माणसं आहेत तो जाहीर की खाजगी याचा खल वकिलांनी करावा. त्या बाईच्या दृष्टीने तो भरबाजार होता.

आणि हे गावातच होतं असं समजू नका. जानेवारी २०२३ मध्ये 'वायर्ड' या नियतकालिकाने उघड केलं की केंद्र सरकारच्या 'दीक्षा' ॲपची माहिती एका कुलूप नसलेल्या सर्व्हरवर वर्षभराहून अधिक काळ पडून होती. दहा लाखांवर शिक्षकांची नावं आणि फोन नंबर, शिवाय सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती. करोनाच्या काळात हेच ॲप घ्या म्हणून आपण पोरांच्या मागे लागलो होतो. दिल्लीत ही तऱ्हा, तर नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याला काय नावं ठेवायची? त्याच्याकडे बिघडलेल्या प्रतींचा ढीग असतो आणि ढीग शेवटी रद्दीत जातो. माझ्या हातात एकदा शेंगदाण्याची पुडी आली ती कुणाच्या तरी प्रवेशअर्जाची. फोटोसकट!

कायदा नाही असंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची खातरजमा केलेली संमती हवी, हे बंधन न पाळल्यास दंड २०० कोटींपर्यंत. आकडा ऐकून छाती दडपते. पण महत्त्वाची कलमं लागू व्हायला नियमांपासून दीड वर्षाची मुदत, आणि सरकारी कामांना, शैक्षणिक संस्थांना ठिकठिकाणी सवलती. शिवाय कायदा डिजिटल माहितीचा. शेंगदाण्याच्या पुडीला तो लागू नाही!

म्हणून कायद्याची वाट न बघता मी या जूनमध्ये चार पालकांना एक साधा अर्ज लिहून दिला. त्यात एवढंच विचारलं आहे : माझ्या मुलाची कोणती माहिती आपल्याकडे आहे, ती कुणाच्या फोनमध्ये आणि कुठल्या संगणकावर आहे, कुणाला दिली, आणि काम झाल्यावर प्रती कधी नष्ट करणार. शेवटी एक ओळ, "माझ्या लेखी परवानगीशिवाय मुलाचा आधार क्रमांक, जात, पत्ता किंवा फोटो कोणत्याही ग्रुपवर टाकू नये."

चौघांपैकी तिघांना शाळेने पोच दिली. चौथ्याला कारकून म्हणाला, "असा अर्ज आजवर कुणी दिलेला नाही, आम्ही घेत नाही." तो अर्ज आम्ही स्पीड पोस्टाने पाठवला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.