आण्णांची बंदूक कोणती?

एका रविवारी सकाळी दादाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. टेक्सासमधल्या त्याच्या घराची भिंत, तिच्यावर काचेची पेटी, पेटीत आडवी ठेवलेली रायफल. खाली पितळी पाटी. पाटीवर आण्णांचं नाव आणि '१९७१'. सोबत मेसेज होता : 'आण्णांची रायफल मिळाली. इशापूरची, ओरिजिनल.' पाच मिनिटांत ग्रुपवर सॅल्यूटची रांग लागली. मावशी, आत्याची मुलं, पुण्यातला काका. मीही एक सॅल्यूट टाकला.

आण्णा ओट्यावर बसले होते. मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि थोडा वेळ बघितला.

"ही न्हाई माझी," ते म्हणाले. "ही बोल्टची हाय. आमच्याकडं एसएलआर होती."

आणि फोन परत दिला.

आण्णांचं म्हणणं बरोबर होतं. १९६२ साली चीनसमोर आपले जवान इंग्रजांच्या काळातली थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायचा, मग पुढची गोळी. त्या युद्धानंतर बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात त्याच धाटणीची, पण ७.६२ मिलिमीटरची रायफल निघाली. तिला टूए आणि पुढे टूए-वन म्हणत. त्याच दशकात तिथेच बेल्जियमच्या एफएएलवर बेतलेली एसएलआर तयार होऊ लागली आणि १९७१ साली पायदळाच्या हातात तीच होती. टूए-वन पुढे जुना माल म्हणून अमेरिकेच्या बाजारात पोचली. दादाने घेतलेली रायफल त्यातलीच एक. घेतली रीतसर, कागदपत्रांसह. फक्त ती आण्णांच्या युद्धातली नव्हती.

चूक एवढीच असती तर मी हे लिहायला बसले नसते. मॉडेल बदलून घेता येतं. माझं भांडण त्या पेटीशी आहे, आणि ते एकट्या दादाशी नाही. तुमच्यापैकी ज्यांचे वडील किंवा आजोबा फौजेत होते, ज्यांच्या बाईकवर 'फौजीचा मुलगा' असा स्टिकर आहे, जे पंधरा ऑगस्टला वडिलांच्या जुन्या फोटोवर गोळीबाराचा आवाज लावून रील टाकतात, त्या सगळ्यांशी आहे. माझ्याशीही आहे. सॅल्यूट मीही टाकला होता.

आधी एक गोष्ट मान्य करते. जुन्या वस्तूंचा छंद वाईट नाही, आणि अमेरिकेत या छंदाला त्यांच्या इतिहासाचा आधार आहे. दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात अमेरिकन सैनिकांनी एम-वन गॅरंड वापरली. लाखो बनल्या. त्यांतल्या शिल्लक रायफली तिथे 'सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम' नावाची संस्था अटी तपासून नागरिकांना विकते. वडील कोरियात लढले म्हणून मुलगा तशी एक घेतो, तेल लावतो, पोराला दाखवतो. त्याला मी हसणार नाही. पण त्यालाही 'तशी एक'च मिळते. कोणत्या नंबरची रायफल कोणत्या सैनिकाच्या खांद्यावर होती, याची नोंद बहुतेक वेळा उरलेलीच नसते. म्हणजे तिथेही भिंतीवर लागते ती वडिलांच्या रायफलीसारखी दिसणारी रायफल.

आपल्याकडे तेवढंही शक्य नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली थ्री-नॉट-थ्री काय, ७.६२ काय, सैन्याच्या बोअरची हत्यारं सामान्य माणसासाठी प्रतिबंधित आहेत. अशी रायफल बेकायदा बाळगली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात आणि कमाल चौदा वर्षांची शिक्षा आहे. त्यामुळे कुणी प्लास्टिकची प्रतिकृती घेतं, कुणी एअरगनला रंग देतं, आणि काही जण हळहळतात की सरकारने निकामी केलेल्या रायफली तरी जवानांच्या घरी द्यायला हव्यात. ही मागणी कुणाला करायची असेल तर जरूर करा. पण त्याआधी ज्याच्यासाठी ती करताय त्याला एकदा विचारा की त्याला रायफल हवी आहे का. आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मी त्या दिवशी विचारला. आण्णा हसले. "ती कुठं माझी व्हती? सरकारची व्हती."

फौजेत रायफल 'कोत'मध्ये असते. कोत म्हणजे हत्यारांची खोली. सही करून काढायची, काम झालं की सही करून जमा करायची. जमा करण्याआधी फुलथ्रूला चिंदी बांधून नळी साफ करायची. कोतवाला उजेडाकडे धरून नळीत बघणार आणि कचरा दिसला तर परत पाठवणार. पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी आण्णांना त्यांच्या रायफलीचा बट नंबर पाठ आहे. पण तो त्यांनी सांगितला तेव्हा आवाजात मालकी नव्हती, जबाबदारी होती. आपण सायबाच्या गाडीची किल्ली सांभाळतो, तशी. हरवली तर नोकरी जाईल अशी ती वस्तू होती. तिच्यावर जीव होता का, असं विचारलं तर म्हणाले, "थंडीत लोखंड हाताला चिकटायचं."

मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. एप्रिल १९४५, इटली, सेनिओ नदीचा काठ. ते कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या. नदी ओलांडताना पुढची तुकडी जवळजवळ सगळी कोसळली. जाधवांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या जागेतून मागे आणलं. मग एकटेच परत गेले, मशीनगनच्या मोर्चांवर. हाताला गोळी लागली आणि टॉमीगन चालवता येईना, तेव्हा त्यांनी ती फेकून दिली आणि हातबॉम्ब काढले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आता कुणी त्यांच्या सन्मानासाठी ती टॉमीगन शोधायला निघालं, तर शोधत शोधत नेमका तिथे पोचेल जिथे त्यांनी तिचा नाद सोडला होता. त्यांनी पाठीवर घेतली होती ती माणसं.

तरी कुणी म्हणेल, आपल्यात खंडेनवमीला शस्त्रपूजा असते. हत्याराला मान देणं आपल्या रक्तात आहे. असेल. पण खंडेनवमीला पाटावर काय मांडलं जातं ते नीट आठवा. सुताराकडे करवत, न्हाव्याकडे वस्तरा, शेतकऱ्याकडे कोयता आणि खुरपं, ट्रकवाल्याकडे ट्रक. ज्याच्यावर घर चालतं, त्याला त्या दिवशी झेंडूचं फूल मिळतं. आमच्या घरी कोयता असायचा, आईचं शिलाई मशीन असायचं. आणि त्यांच्याशेजारी एक बंदूकही असायची.

हो, आण्णांची स्वतःची बंदूक होती.

१९८७ साली ते हवालदार म्हणून फौजेतून घरी आले. पेन्शन थोडी आणि आम्ही दोघं लहान. वर्षभराने तालुक्याच्या गावी एका बँकेत गार्डची नोकरी लागली. अट अशी की बंदूक आणि लायसन्स स्वतःचं हवं. त्यांनी सोसायटीचं कर्ज काढून बारा बोअरची डबल बॅरल घेतली. पुढची बावीस वर्षं ते बँकेच्या दारात एका लोखंडी स्टुलावर बसले. गुडघ्यांमध्ये ती बंदूक, कमरेला काडतुसांचा पट्टा. दादाचं इंजिनिअरिंग त्या स्टुलावरून झालं. माझं डी.एड. त्या स्टुलावरून झालं. अमेरिकेच्या पहिल्या तिकिटाचे पैसेही तिथूनच आले.

आणि त्या बंदुकीचं आम्ही काय केलं? लपवली. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून दादा 'माजी सैनिक' लिहायचा. 'बँकेत गार्ड' त्याने कधीही लिहिलं नाही. मीही नाही. नववीत असताना शिष्यवृत्तीचं खातं उघडायला बाई आम्हा मुलींना त्याच बँकेत घेऊन गेल्या. आण्णांनी दार उघडून धरलं. मी खाली बघत आत शिरले. एका मुलीने विचारलं, हे तुमच्या गावचे ना? मी म्हटलं, हो, गावचे. आण्णांनी ऐकलं असेल. ते रस्त्याकडे बघत उभे राहिले, सगळ्या मुली आत जाईपर्यंत.

२०१० साली त्यांनी नोकरी सोडली आणि बंदूक विकून टाकली. लायसन्स रिन्यू करायचे हेलपाटे नकोत, म्हणाले. दुकानदाराने किती दिले ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. 'ठेवा, आठवण म्हणून' असं त्या दिवशी घरातल्या एकाही माणसाच्या तोंडून निघालं नाही. आता दादाने हजारो मैलांवर, डॉलर मोजून, आण्णांनी कधीही हातात न धरलेली रायफल आठवण म्हणून घेतली आहे.

माझं भांडण आहे ते हे. वडिलांचा मान ठेवायचा म्हणून आपण त्यांच्या आयुष्यातले मोजके दिवस निवडतो. १९७१ चं युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं आणि १६ डिसेंबरला पूर्वेकडे शरणागती झाली. त्या दोन आठवड्यांना पितळी पाटी. बावीस वर्षांच्या स्टुलाला काही नाही. कारण त्या दोन आठवड्यांत आपल्यालाही थोडं मोठं वाटून घेता येतं, आणि स्टुलाकडे बघितलं की कुणीतरी आपल्यासाठी किती वर्षं दार उघडून धरलं होतं ते दिसतं. बंदुकीला ऐकू कमी येत नाही. ती तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत नाही. तिला दवाखान्यात न्यावं लागत नाही. भिंतीवरचा सैनिक सांभाळायला घरातल्या म्हाताऱ्यापेक्षा फार सोपा असतो.

दादा यावर म्हणेल, आणि म्हणालाही : "पण माझ्या फोटोमुळेच आण्णा बोलले ना?" हे खरं आहे आणि मी ते टाळणार नाही. 'ही न्हाई माझी' म्हणून ते गप्प बसले असते. मी विचारलं, मग तुमची कशी होती? त्यानंतर ते पाऊण तास बोलले. एवढं सलग मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पण त्यांना बोलतं केलं ते त्या प्रश्नाने, आणि तो प्रश्न विचारायला टेक्सासची रायफल लागत नव्हती. चाळीस वर्षं एकाच घरात जेवताना कधीही विचारता आला असता. पेटीपुढे उभं राहून सॅल्यूट करणारे सतरा जण होते. त्यांच्यापैकी कुणीही आण्णांना फोन केला नाही.

त्या पाऊण तासात लढाई फार थोडी होती. भिजलेले बूट होते. एका बंगाली म्हातारीने पदरातून दिलेले चुरमुरे होते. आणि पलटणीतला एक पोरगा होता, चंदगडकडचा, आण्णांच्याच वयाचा. तो परत आला नाही. त्याचं सामान पेटीत बांधायचं काम आण्णांकडे आलं. दोन बनियन, आरसा, घरून आलेली तीन पत्रं. त्याच्या आईला आपणही चार ओळी लिहाव्यात असं त्यांच्या मनात होतं. काय लिहायचं ते सुचलं नाही. राहून गेलं.

"त्याच्या घरी कुणी असंल का आता?" आण्णांनी मला विचारलं.

१९७१ ला विशीत असलेली माणसं आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. तुमच्या घरात त्यांच्यापैकी कुणी असेल, किंवा पासष्टच्या लढाईतले, श्रीलंकेत गेलेले, कारगिलचे कुणी असतील, तर फोन बाजूला ठेवा, किंवा रेकॉर्डिंग सुरू करून समोर ठेवा, आणि विचारा. किती मारले ते विचारू नका. काय खाल्लं, कुणाची आठवण येते, परत आल्यावर पहिली नोकरी कुठे मिळाली आणि तिथे साहेब कसे वागायचे, ते विचारा. काही जण बोलणार नाहीत. त्यांच्या न बोलण्याशेजारी थोडा वेळ बसा.

मी दादाला ग्रुपवर दोन गोष्टी पाठवल्या आहेत. एक, बँकेच्या स्टाफचा जुना ग्रुप फोटो. साहेब मध्ये खुर्चीत, बाकीचे मागे, आणि अगदी कडेला, निम्मा खांदा कापला गेलेला, बंदूक घेऊन उभा असलेला गार्ड. पाटी लावायचीच असेल तर या फोटोखाली लाव म्हटलं. त्या हातातली बंदूक तरी खरोखर आण्णांची आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे चंदगडकडच्या त्या पोराचं नाव आणि गाव, आण्णांना आठवतं तसं. इशापूरची रायफल अमेरिकेत शोधून काढली म्हणजे शोधणं दादाला जमतं. हे घर तर त्याहून जवळ आहे.