दुसरी वाट कुठून जाते?

ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीग्रामचा पूर्णा नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल धोकादायक ठरून बंद झाला आणि अकोट-अकोला वाहतूक लांबच्या फेऱ्याने जाऊ लागली. नोव्हेंबरात ब्रॉडगेज गाडी सुरू झाली, तेव्हा दुसऱ्या वाटेचे मोल अकोटकरांना कुणी समजावून सांगावे लागले नाही. गावातल्या इंटरनेटबद्दल मात्र आपण अजून 'केबल आली का?' एवढेच विचारतो. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे 'भारतनेट' म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेत तालुक्याहून ग्रामपंचायतींकडे फायबर मुख्यतः एकमार्गीच गेले. रस्त्याच्या कामात जेसीबीने ते तोडले की त्यापुढची सगळी गावे बंद.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात सरळ ओळीऐवजी रिंग आहे, म्हणजे गावाला दोन्ही बाजूंनी वाट. हा बदल योग्यच आहे, पण नुसती दुसरी केबल ओढून भागत नाही. ग्रामपंचायतीतला स्विच कोणते यंत्र कोणत्या पोर्टवर आहे हे येणाऱ्या संदेशांवरून शिकतो. पत्ता ठाऊक नसेल तर संदेश ज्या पोर्टवरून आला ते वगळून बाकी सगळ्या पोर्टवर सोडतो. असे दोन स्विच दोन केबलींनी नुसतेच जोडले, तर तोच संदेश गरगर फिरत राहतो आणि काही क्षणांत सगळे जाळे तुंबते. यावर रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये उपाय काढला: जादा वाट मिटून ठेवायची, गरज पडली की उघडायची. वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडणारा राउटर मात्र एकेका यंत्राचा नव्हे, जाळ्यांचा हिशेब ठेवतो. शेजारच्या राउटरची ठरावीक वेळाने येणारी हाक थांबली की तो वाहतूक दुसरीकडे वळवतो. हे सगळे नीट बसवणारा आणि नंतर त्यावर नजर ठेवणारा माणूस तालुक्याला हवाच.

मोबाइल असताना हा खर्च कशाला, असे विचारले जाते. पण टॉवरवरचा डेटाही पुढे बहुधा फायबरनेच जातो. पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला सगळे एकदम अर्ज भरायला बसले की टॉवरवर ताण येतोच. खर्चाचा आक्षेप खोटा नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या एकट्या गावासाठी नवे खोदकाम परवडणार नसेल, तर दुसरी वाट बिनतारी असू द्यावी. मात्र रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरातून नेणे चालवून घेऊ नये. एकच जेसीबी दोन्ही तोडेल. काम ताब्यात घेताना सरपंचांनी आपल्यासमोर एक केबल काढायला लावावी, बॅटरीची परीक्षा म्हणून वीजही बंद करायला लावावी, आणि सातबारा तरीही उघडतो का ते पाहूनच सही करावी.