जून महिन्याची फी आणि मुलांचे मौन

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचे बहुतेक प्रवेश जून-जुलैमध्ये होतात. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यातील कुटुंबांच्या हाती नेमका याच महिन्यांत पैसा नसतो. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी येथील मच्छीमारांच्या यांत्रिक होड्या १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. रेल्वेच्या पूर्वेकडचा शेतकरी बियाणे, खत आणि लावणीची मजुरी यांवर असलेला पैसा खर्च करून बसलेला असतो; त्याचे भात घरात येते ते दिवाळीच्या सुमारास. वीटभट्टीवर गेलेली आदिवासी कुटुंबे पावसाच्या तोंडावर परततात तेव्हा आगाऊ घेतलेली उचल वजा होऊन हाती फारसे काही उरलेले नसते. औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराला दरमहा वेतन मिळते खरे, परंतु चार पैसे एकरकमी दिसतात ते बोनसच्या वेळी, म्हणजे पुन्हा दिवाळीलाच. महाविद्यालयाची फी जूनमध्ये भरायची आणि घरात पैसा येणार ऑक्टोबरमध्ये, असा हा पेच आहे.

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अलीकडे पुष्कळ बोलले जाते. व्याख्याने होतात, शिबिरे होतात, आणि त्यांत परीक्षेचा ताण, मोबाइलचे व्यसन, वाईट संगत यांचा ऊहापोह होतो. घरच्या पैशाचा विषय मात्र क्वचितच निघतो. आम्हांला वाटते, तो निघाला पाहिजे. आमच्या लोकांना गरिबी नवी नाही. पूर्वीच्या पिढ्या तिच्यातूनच शिकल्या. मुलाचे मन खचते ते पैसा कमी असल्यामुळे जितके, त्याहून अधिक तो वेळेवर नसल्यामुळे आणि त्याविषयी घरात कोणी काही बोलत नसल्यामुळे, असे आमचे मत झाले आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. या प्रत्येक मृत्यूमागे पैसाच होता असे म्हणणे चुकीचे ठरेल. अशा घटनेला एकच एक कारण क्वचितच असते. तरीही २०१५ च्या दुष्काळात लातूर जिल्ह्यातील एका शाळकरी वयाच्या मुलीचा मृत्यू महाराष्ट्राने विसरू नये. एस.टी.च्या मासिक पासाचे पैसे घरात नव्हते, एवढीच ती बाब. त्यानंतर शासनाने दुष्काळग्रस्त विद्यार्थ्यांसाठी मोफत पासाची योजना आणली आणि तिला त्या मुलीचे नाव दिले. पासाची रक्कम काही शंभर रुपयांत मोजण्यासारखी होती. ती तिने कोणाकडे मागितली असती, तर कदाचित मिळालीही असती. परंतु मागणे हेच अनेकदा सर्वांत कठीण असते.

दुसरे उदाहरण २०२४ चे आहे. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आय.आय.टी.मध्ये जागा मिळाली. १७,५०० रुपये २४ जूनच्या सायंकाळी पाच वाजेपर्यंत भरायचे होते. कुटुंबाने धावपळ करून रक्कम उभी केली, पण तोवर संगणकावरील खिडकी बंद झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने आपले विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. या मुलाला न्याय मिळाला याचा आनंदच आहे. परंतु पैसे उभे राहिले होते आणि तरीही जागा जात होती, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. दिल्लीपर्यंत जाणे किती जणांना शक्य आहे?

पैशाची चिंता माणसाच्या बुद्धीवर काय परिणाम करते याचा एक अभ्यास तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झाला होता. तो २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ऊस निघण्यापूर्वी, म्हणजे हाती पैसा नसताना, हेच शेतकरी विचारशक्तीच्या चाचण्यांत मागे पडले. पीक विकून पैसा आल्यावर तीच माणसे अधिक चांगली ठरली. माणूस तोच, बुद्धी तीच. चिंता तेवढी मध्ये आली होती. हे अनुभवी शेतकऱ्यांच्या बाबतीत घडत असेल, तर अठरा वर्षांच्या मुलाने ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ म्हटल्यावर त्याला आळशी ठरविण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे.

पहिले वर्ष मुळातच निसरडे असते. शाळेत शिक्षक वडिलांना नावाने ओळखत. महाविद्यालयात मुलाला हजेरी क्रमांक तेवढा असतो. २०१३ साली लोकल गाडी डहाणू रोडपर्यंत आली आणि बोईसरची मुले विरार, वसई, मुंबईपर्यंत शिकायला जाऊ लागली. ही मोठीच सोय झाली. पण दिवसाचे कित्येक तास गाडीत जातात आणि गावातल्या मित्रांशी संबंध तुटतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची इंग्रजी व्याख्यानांनी दमछाक होते. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. तिच्यातील मुख्य विषय, गौण विषय, श्रेयांक हे सारे घरी समजावून सांगणारा कोणी नसतो. शिवाय फीच्या पावतीवर न दिसणारा खर्च असतोच. गाडीचा पास, झेरॉक्स, उपाहारगृह, सहल, महोत्सवाची वर्गणी. ज्याच्या खिशात काही नाही तो मधल्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन बसतो. मित्र त्याला अभ्यासू समजतात.

आता घराकडे वळू. आई दागिने गहाण ठेवते आणि ते मुलांना कळू देत नाही. वडील ओव्हरटाइम करतात आणि ‘कारखान्यात काम वाढले आहे’ म्हणतात. मुलगा मूर्ख नसतो. त्याला अंदाज येतो, पण नक्की आकडा ठाऊक नसतो, आणि न कळलेले कर्ज खऱ्या कर्जाहून मोठे वाटते. मग तोही लपवू लागतो. एका विषयात नापास झाल्याचे सांगत नाही, तासांना जात नसल्याचे सांगत नाही, रात्री झोप लागत नसल्याचे तर नाहीच. बाप कर्ज लपवितो ते मुलावर ओझे नको म्हणून, आणि मुलगा उदासी लपवितो तीही बापावर ओझे नको म्हणून. दोघांचेही एकमेकांवर प्रेम असते आणि दोघेही एकटे पडतात.

काही घरांत याच्या उलट घडते. ‘तुझ्यासाठी आम्ही किती खस्ता खाल्ल्या’ हे वाक्य निकालाच्या दिवशी मुलाच्या तोंडावर फेकले जाते. आम्ही हिशेब सांगा म्हणतो तो असा नव्हे. प्रवेशापूर्वी एका संध्याकाळी रोझरी झाल्यावर सर्वांनी बसावे, कागद घ्यावा, फी किती, पास किती, मिळकत किती, कर्ज कोणाचे आणि ते कधी फिटणार हे लिहावे. मुलाला त्यात मत असावे. एक वर्ष वाया गेले तर घर बुडणार नाही, हेही त्याला त्याच वेळी आणि स्पष्ट शब्दांत सांगावे. निकालानंतर सांगितलेले ते वाक्य केवळ सांत्वन वाटते.

कर्जाविषयी एक-दोन गोष्टी. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडविण्यासाठी मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली वसईत सहकारी पतसंस्था काढली. तिचीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. शंभर वर्षांनंतर सावकार मुलाच्या मोबाइलमध्ये येऊन बसला आहे. काही मिनिटांत पाच हजार रुपये देणारी अॅप आणि मग वसुलीसाठी ओळखीच्या लोकांना जाणारे फोन, यांमुळे अनेक तरुणांनी अपमान सोसला आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम केले, तरी फसवी अॅप संपलेली नाहीत. बँकेच्या शैक्षणिक कर्जाला वेळ लागतो, कागद लागतात. पण चार लाखांपर्यंतच्या कर्जाला साधारणतः तारण लागत नाही आणि परतफेड शिक्षण संपल्यावर सुरू होते. घाईत अॅपकडे वळण्यापूर्वी मुलाने घरी येऊन सांगावे, इतके मोकळेपण घरात हवे.

शासनाच्या योजना कमी नाहीत. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. अनुसूचित जमातींसाठी शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह न मिळालेल्यांसाठी ‘स्वयम्’ योजना आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची राज्याची शिष्यवृत्तीही महाडीबीटीच्या संकेतस्थळावरूनच मिळते. अडचण आहे ती वेळेची. अर्ज, पडताळणी, आधारशी जोडलेले खाते, हप्ता, या साऱ्यांतून पैसा येईपर्यंत महिने लोटतात. उत्पन्नाचा दाखला जूनमध्ये काढायला गेले तर तहसील कार्यालयासमोर रांग असते. तो एप्रिलमध्येच काढून ठेवणे शहाणपणाचे. तसेच, फी बाकी आहे म्हणून मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने बजावले आहे. हे पालकांनी लक्षात ठेवावे.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयाने, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असा निर्देश दिला. आपल्या मुलाच्या महाविद्यालयात ती व्यक्ती कोण आहे, ती कोणत्या दिवशी भेटते, हे पालकसभेत विचारण्यास संकोच कशाला? मूल दोन-तीन आठवडे सतत गप्प असेल, जेवण व झोप बिघडली असेल, जीव नकोसा झाल्यासारखे बोलत असेल, तर थांबू नये. १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. प्रार्थना अवश्य करावी. पण मधुमेहासाठी आपण प्रार्थनाही करतो आणि डॉक्टरकडेही जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येच्या प्रयत्नाकडे गुन्हा म्हणून न पाहता तीव्र तणावाचे लक्षण म्हणून पाहिले आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणी उपचार टाळू नयेत.

धर्मग्रामांना एक सूचना करावीशी वाटते. संत विन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली. तिचा एक संस्थापक फ्रेडरिक ओझानाम त्या वेळी वीस वर्षांचा विद्यार्थी होता. लियों शहरातून पॅरिसला आल्यावर आरंभी त्याला तेथे फार एकटे वाटले होते. विख्यात शास्त्रज्ञ अँपियर यांनी त्याला आपल्या घरी राहायला जागा दिली. खोलीभाडे घेतले, पण घरच्यासारखे वागविले. १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओझानाम यांना धन्यवादित घोषित केले. आपल्या सोसायट्या जूनमध्ये शाळेच्या मुलांना वह्या-पुस्तके देतात, ते चालूच राहावे. त्याच्या जोडीला पदवीच्या पहिल्या वर्षासाठी परतफेडीचा एक वेगळा निधी ठेवता येईल. जूनमध्ये फी भरण्यापुरती रक्कम द्यावी आणि शिष्यवृत्ती किंवा दिवाळीचा बोनस हाती आल्यावर ती परत घ्यावी. व्याज नसावे आणि नाव सूचनाफलकावर लागू नये. दहा कुटुंबांपासून आरंभ करायलाही हरकत नाही, आणि अर्ज मे महिन्यात, निकालाच्या आठवड्यातच घ्यावेत.