कागदाची गुराब

सुट्टीत मुलांकडून जुने लढाऊ जहाज करून घ्यावयाचे ठरले, की कोणी तरी बाजारातून छापील पुठ्ठा आणतो. कातरावे, दुमडावे, खळ लावावी. तासाभरात जहाज तयार! मला ही घाई मान्य नाही. जहाज थोडे वाकडे झाले तरी चालेल. परंतु त्याचा प्रत्येक भाग तसा का आहे, हे करणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे.

कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातील गुराबच घ्या. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तर तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत असे. लांबीच्या मानाने ती बरीच रुंद आणि तिचा तळ उथळ. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या थोड्या पाण्यातही ती शिरे. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना तेथे तिचा पाठलाग करता येत नसे. मुलांनो, तुम्ही तळ खोल केलात तर जहाज डौलदार दिसेल, पण ते आंग्र्यांचे राहणार नाही. वारा पडला, की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते गुराबेला दोरांनी ओढून नेत. म्हणून शेजारी एक गलबतही हवेच. वल्ह्यांसाठी गूल काढलेल्या आगकाड्या पुरतात.

सर्वांत अवघड ती नाळ, म्हणजे जहाजाचे पुढे आलेले टोक. एका वर्षी माझ्या वर्गातील एका मुलाने नाळेवरील तक्त्याला कठडाच लावला नाही. 'काम अपूर्ण' असा शेरा मारून मी त्याचे गुण कापले.

"गुरुजी, कठडा घातला तर पाणी अडेल," तो हळूच म्हणाला. त्याचे वडील मचवा घेऊन समुद्रात जात. मी त्याचे बोलणे कानांवर घेतले नाही.

पुढे रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराच्या, १७६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील गुराबेचे वर्णन माझ्या वाचनात आले. समोरून लाटा आल्या म्हणजे गुराब फार हिंदकळे. नाळेवर आदळलेले पाणी सरळ वाहून जावे, म्हणून तेवढाच तक्ता मुद्दाम उघडा ठेवीत! मचव्यावर वाढलेल्या मुलाला जे सहज कळले, ते मला पुस्तकातून कळावे लागले. तोवर तो शाळा सोडून गेला होता. त्याचे गुण त्याला परत देणे राहूनच गेले.

त्यानंतर मुलांची जहाजे तपासताना मी लाल पेन्सिल बाजूस ठेवीत असे आणि आधी विचारीत असे, "हे असे का केलेस?"